घातक कचऱ्याच्या शेजारी राहताना: वाचकांचे प्रश्न

कारखान्यांचा घातक रासायनिक कचरा जिथे पुरला, साठवला किंवा जाळला जातो, अशा जागांच्या आसपास राहणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे सातत्याने येतात. त्यांतील काही प्रश्न निवडून येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे व ठिकाणे वगळली असून पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: आमच्या घरापासून दीड किलोमीटरवर रासायनिक कचऱ्याची पिंपे पुरलेली जागा आहे. कुणी म्हणते की एक किलोमीटरच्या पुढे काही होत नाही, तर कुणी पाच किलोमीटरपर्यंत धोका सांगते. सुरक्षित अंतर नेमके किती?

उत्तर: सर्व ठिकाणी लागू पडेल असा एकच आकडा नाही, आणि तसा आकडा कुणी ठामपणे सांगत असेल तर त्यावर विसंबू नये. पुरलेले रसायन माणसाच्या शरीरात पोहोचण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. पिण्याचे पाणी ही एक, श्वासाबरोबर जाणारी वाफ, धूर किंवा धूळ ही दुसरी, दूषित जमिनीत पिकलेले अन्न ही तिसरी, आणि मातीचा हाताशी व तोंडाशी येणारा संबंध ही चौथी. यांपैकी एकही वाट खुली नसेल, तर कुंपणाला लागून असलेल्या घरालाही फारसा अपाय होणार नाही. एखादी खुली असेल, तर तीन किलोमीटरवरचे घरही सुरक्षित म्हणता येणार नाही. म्हणून घर किती दूर आहे हे विचारण्याआधी रसायन कोणत्या वाटेने येऊ शकते हे विचारावे, असा माझा आग्रह असतो.

भूजल जमिनीखालून स्वतःच्या उताराने सरकते आणि तो उतार वरच्या जमिनीच्या उताराशी जुळेलच असे नाही. खडकांतल्या भेगांमधून ते अनपेक्षित दिशेला जाते, आणि जवळपास जोराचा उपसा करणारी कूपनलिका असेल, तर दूषित पाणी तिच्याकडे ओढले जाते. त्यामुळे एकाच जागेच्या एका बाजूच्या विहिरी दूषित आणि दुसऱ्या बाजूच्या, अधिक जवळच्या विहिरी स्वच्छ असे घडू शकते.

अमेरिकेतील नायगरा फॉल्स शहरातील लव्ह कॅनालचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. अर्धवट खोदून सोडून दिलेल्या या कालव्यात हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा टाकला, त्यावर माती पसरली आणि ती जमीन एका डॉलरला स्थानिक शालेय मंडळाच्या नावे करून दिली. तिथे शाळा उभी राहिली, भोवती घरे झाली. सत्तरच्या दशकात भरपूर पाऊस आणि बर्फ पडल्यानंतर रसायने तळघरांत झिरपू लागली आणि ऑगस्ट १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबांना हलवावे लागले. त्याच वस्तीतल्या लोइस गिब्ज या गृहिणीने घरोघरी फिरून आजारांच्या नोंदी घेतल्या आणि त्या नकाशावर मांडल्या. कालव्याभोवती वर्तुळ काढावे तशा त्या तक्रारी पसरलेल्या नव्हत्या. वस्ती बांधताना बुजवलेले जुने ओहोळ जिथून जात होते, त्या पट्ट्यांतील घरांत त्या एकवटल्या होत्या.

मग संशोधक अंतरच का मोजतात, असे आपण विचाराल. हजारो घरांतील पाण्याचे आणि हवेचे नमुने वर्षानुवर्षे तपासणे जवळजवळ अशक्य असते. अंतर मात्र नकाशावरून मिळते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात सर्व प्रकारच्या कचराभूमी धरल्या, तेव्हा देशाची सुमारे ८० टक्के लोकसंख्या कोणत्या ना कोणत्या कचराभूमीपासून दोन किलोमीटरच्या आत राहत असल्याचे दिसले. इतक्या सरसकट मोजमापात ज्यांच्यापर्यंत रसायन पोहोचले ते आणि ज्यांच्यापर्यंत कधीच पोहोचले नाही ते, असे सगळे एकाच गटात येतात. जोखीम थोडी वाढलेली दिसली, तर ती सर्वांचीच थोडी वाढली की मोजक्या घरांची बरीच वाढली, हे अशा आकड्यावरून कळत नाही. कचराभूमी निर्दोष असल्याचा दाखला म्हणून हे अभ्यास पुढे केले जातात, ते मला म्हणूनच पटत नाही.

आपल्या बाबतीत चार गोष्टी लेखी मागवाव्यात: तिथे काय पुरले आहे, तळाशी व वर अभेद्य थर आहे का, भूजल कोणत्या दिशेने वाहते, आणि त्या दिशेला निरीक्षण विहिरी खोदून त्यांचे नमुने नियमितपणे तपासले जातात का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आपली पहिली मागणी तीच असावी.

प्रश्न: शेजारचा कारखाना बंद पडून वीस वर्षे झाली, पण आवारात कचरा तसाच आहे. आमच्या कूपनलिकेच्या पाण्याला अलीकडे रंगाच्या पातळद्रव्यासारखा वास येतो. पाणी उकळून प्यायले तर चालेल का? टीडीएस मोजण्याच्या यंत्रावर आकडा चांगला येतो.

उत्तर: चालणार नाही. असा वास येत असेल, तर तपासणीचा निकाल हाती येईपर्यंत हे पाणी पिण्यास व स्वयंपाकास वापरू नये. उकळल्याने जंतू मरतात, पण शिसे, आर्सेनिक, कॅडमियम यांसारखी द्रव्ये नष्ट होत नाहीत. उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढते. ट्रायक्लोरोएथिलीन किंवा बेंझिनसारखी उडून जाणारी द्रावणे (म्हणजे रंग, ग्रीस वगैरे विरघळवण्यासाठी वापरली जाणारी द्रव रसायने) उकळताना पाण्यातून निघतात खरी, पण ती स्वयंपाकघरातल्या हवेत मिसळतात आणि श्वासातून आत जातात. बंद न्हाणीघरात गरम पाण्याने अंघोळ करतानाही हेच घडते, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. त्यामुळे पिण्याचे पाणी बदलले तरी न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवणे आणि कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ उरकणे इष्ट.

टीडीएसच्या आकड्यावर आपण निर्धास्त राहू नये. ते यंत्र पाण्यातून वीज किती वाहते यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधते. द्रावणे वीज वाहून नेत नसल्याने त्याला ती दिसतच नाहीत. आर्सेनिकचे पाहा: जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. यंत्रावर ३०० मिलिग्रॅम असा समाधानकारक आकडा आला, तरी आर्सेनिक त्या मर्यादेच्या दहापट असल्याने त्या आकड्यात कळण्याजोगा फरक पडणार नाही.

प्रयोगशाळेकडे केवळ ‘पाणी पिण्यायोग्य आहे का’ अशी तपासणी मागितली, तर बहुधा क्षार, जडपणा, नायट्रेट आणि जंतू एवढेच पाहिले जाईल. बाष्पशील सेंद्रिय रसायने (वर सांगितलेली उडून जाणारी द्रावणे याच गटातली) आणि जड धातू यांची चाचणी नाव घेऊन मागावी लागते. नमुना घेण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. द्रावणांसाठी प्रयोगशाळेने दिलेली काचेची छोटी कुपी वापरावी, नळाची जाळी काढून बारीक धारेने ती काठोकाठ भरावी आणि झाकण लावल्यावर उलटी करून आत बुडबुडा दिसत नाही ना, हे पाहावे. बुडबुडा राहिला तर द्रावण पाण्यातून त्या हवेत जाते आणि अहवालात प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा येतो. कुपी थंड ठेवून लवकरात लवकर पोहोचवावी. धातूंसाठी वेगळी बाटली असते व तिच्यात प्रयोगशाळा आधीच थोडे आम्ल घालून देते. ती विसळू नये.

घरगुती शुद्धीकरण यंत्रांचे म्हणाल, तर सक्रिय कोळसा द्रावणे धरून ठेवतो, पण त्याची क्षमता संपली की ती आरपार जातात आणि चवीवरून ते नेहमी कळतेच असे नाही. आरओ पद्धतीने बरेच धातू अडतात, मात्र लहान रेणूंच्या द्रावणांसाठी तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये. दूषित भूजलावर घराघरांतून यंत्रे बसवणे हा तात्पुरता इलाज झाला. दुसऱ्या स्रोताचे पाणी नळाने आणणे हाच खरा उपाय.

कारखाना बंद झाल्याने धोका आपोआप संपत नाही. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीची आठवण सर्वांना असते, पण त्याच आवारात उरलेल्या कचऱ्याने भोवतालच्या वस्त्यांचे भूजल बिघडवले, हे वेगळे आणि अधिक संथ संकट होते. बाधित वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये द्यावा लागला, आणि आवारात साठवलेला ३३७ टन कचरा तिथून हलायला २०२५ साल उजाडले. वीस वर्षे उलटल्यावर वास येऊ लागणे अजिबात विसंगत नाही, कारण गंजलेली पिंपे उशिरा फुटतात आणि भूजल वर्षाला काही मीटर इतक्या मंद गतीनेही सरकत असते.

प्रश्न: माझी मुले तीन आणि सहा वर्षांची आहेत. जवळच्या जागेवरील जुना कचरा खणून मालमोटारींतून नेण्याचे काम सुरू झाल्यापासून घरात धुळीचा थर बसतो. साफसफाई होत आहे म्हणून आनंद मानावा की काळजी करावी?

उत्तर: साफसफाईचे स्वागत करावे आणि ती कशी होते आहे यावर बारीक लक्ष ठेवावे. इंग्लंडमधील कॉर्बी या शहरात पोलाद कारखाना बंद झाल्यावर १९८५ ते १९९९ या काळात तिथली दूषित जमीन मोकळी करण्यात आली. गाळ आणि माती शहरातल्या रस्त्यांवरून वाहून नेताना सांडत गेली, वाळली आणि तिची धूळ झाली. त्या काळात जन्मलेल्या काही मुलांच्या हातापायांत व्यंगे आढळली. पालकांनी दीर्घ लढा दिल्यावर २००९ मध्ये न्यायालयाने स्थानिक नगरपरिषदेचा निष्काळजीपणा मान्य केला आणि त्या धुळीमुळे अशी व्यंगे उद्भवू शकतात, असा निष्कर्ष काढला. जमिनीत गाडलेल्या कचऱ्याला वाट नव्हती. निष्काळजी कामाने ती करून दिली.

मालमोटारी ताडपत्रीने पूर्ण झाकलेल्या असणे, बाहेर पडताना त्यांची चाके धुतली जाणे, खोदकामावर पाण्याचा फवारा असणे, जोराच्या वाऱ्यात काम थांबवणे आणि कुंपणावर धूळमापक यंत्रे बसवून त्यांचे आकडे रहिवाशांना दाखवणे, एवढ्या गोष्टींचा आग्रह आपण धरू शकता. त्या दिसत नसतील तर तारीख व वेळेसह छायाचित्रे काढून तक्रार लेखी द्यावी.

घरात कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. तीन वर्षांचे मूल जमिनीवर खेळते आणि तेच हात तोंडात घालते. जोखमीचे गणित मांडताना लहान मूल दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंत माती व धूळ गिळते, असे धरण्याची पद्धत आहे. म्हणून खाण्याआधी व झोपण्याआधी हात धुणे, चपला दाराबाहेर ठेवणे आणि खेळणी वरचेवर धुणे हे साधे उपाय मोठा फरक पाडतात. कचऱ्यात शिसे असल्याची शक्यता असेल, तर दोन्ही मुलांच्या रक्तातील शिसे तपासून घ्यावे. शिशाचे निर्धोक म्हणावे असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही, आणि डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आढळल्यास त्याचा स्रोत शोधून तो बंद करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूवर होणारा शिशाचा परिणाम सहसा कायमचा असतो व बाहेरून कोणतेही लक्षण दिसत नाही, म्हणून लक्षणांची वाट पाहू नये.

प्रश्न: मी चार महिन्यांची गरोदर आहे. घातक कचऱ्याजवळ राहणाऱ्या स्त्रियांच्या बाळांत व्यंगाचा धोका ३३ टक्के असतो असे वाचल्यापासून मला झोप येत नाही.

उत्तर: आपण वाचलेला आकडा खरा आहे, परंतु त्याचा अर्थ वेगळा आहे. युरोपातील पाच देशांतील २१ घातक कचराभूमींचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांच्या बाळांत काही प्रकारच्या जन्मजात व्यंगांची शक्यता, दूर राहणाऱ्यांच्या तुलनेत, ३३ टक्क्यांनी अधिक आढळली. एरवी जन्मणाऱ्या शंभर बाळांपैकी साधारण तिघांत ठळक व्यंग आढळते. त्यात एक तृतीयांश भर पडली तर तिघांचे चार होतात, आणि उरलेली शहाण्णव बाळे या बाबतीत ठणठणीत असतात. आधी उल्लेखलेल्या ब्रिटिश अभ्यासात घातक कचऱ्याच्या जागांजवळ ही वाढ ७ टक्के इतकीच निघाली. समाज म्हणून विचार केला तर शंभरात एक बाळसुद्धा फार आहे, आणि ते टाळण्यासाठी भांडायला हवे. पण एका आईने या आकड्याच्या धास्तीने रात्री जागून काढण्याचे कारण नाही.

बाळाचे बहुतेक अवयव पहिल्या बारा आठवड्यांत घडतात आणि तो काळ आपण ओलांडला आहे. अठराव्या ते विसाव्या आठवड्यात करायची सविस्तर सोनोग्राफी चुकवू नये. मेंदूची वाढ मात्र शेवटपर्यंत चालू राहते, त्यामुळे पुढच्या महिन्यांत पाणी खात्रीच्या स्रोताचेच प्यावे व धुळीचे काम इतरांवर सोपवावे. घरात कुणी रसायनांचे काम करत असेल, तर त्यांचे कामाचे कपडे वेगळे धुवावेत. आईच्या हाडांत साठलेले शिसे गरोदरपणी रक्तात उतरते. आहारात पुरेसे कॅल्शियम असल्यास ते उतरण्याचे प्रमाण कमी राहते. बाळाचे वजन नीट वाढते आहे ना, याकडे आपल्या डॉक्टरांना विशेष लक्ष द्यायला सांगावे. प्रसूतीनंतर स्तनपान अवश्य करावे. काही रसायने दुधात उतरतात हे खरे असले, तरी स्तनपानाचा लाभ त्याहून मोठा असल्याचेच तज्ज्ञांचे सर्वसाधारण मत आहे.

येथे एक दिलासा देणारी गोष्टही सांगितली पाहिजे. अमेरिकेत घातक कचराभूमींच्या सफाईचा परिणाम तपासणारा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सफाई झाल्यानंतर त्या जागांच्या दोन किलोमीटर परिसरात जन्मलेल्या बाळांमधील जन्मजात व्यंगांचे प्रमाण सुमारे २० ते २५ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. म्हणजे हा धोका दैवाधीन नाही; कचरा नीट काढला की तो कमी होतो.

प्रश्न: तक्रार केली की ‘सर्व प्रमाणे मर्यादेत आहेत’ असे उत्तर येते. त्यावर काय म्हणावे?

उत्तर: कोणते द्रव्य, कशातले, कोणत्या तारखेला आणि कोणती मर्यादा, हे चार तपशील मागावेत. ज्या द्रव्याची तपासणीच झाली नाही, तेही ‘मर्यादेत’ असल्याचा समज अशा उत्तराने होतो. शिवाय मर्यादा एकेका द्रव्याच्या ठरवलेल्या असतात. कचऱ्यातून द्रव्यांचे मिश्रण बाहेर पडते.

प्रश्न: आमच्या गल्लीत सहा वर्षांत पाच जणांना कर्करोग झाला. कारण कचराभूमीच आहे, हे सिद्ध करता येईल का?

उत्तर: एकेका रुग्णाच्या बाबतीत ते जवळजवळ कधीच सिद्ध करता येत नाही, कारण रसायनाने झालेली गाठ आणि अन्य कारणाने झालेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली सहसा सारखीच दिसते. कर्करोग हा आजार दुर्दैवाने इतका सर्रास आढळतो की एखाद्या गल्लीत निव्वळ योगायोगानेही पाच रुग्ण निघू शकतात. पाच जणांना पाच निरनिराळ्या अवयवांचे कर्करोग असतील आणि सर्वजण वयस्कर असतील, तर योगायोगाची शक्यता अधिक. एकच दुर्मीळ प्रकार वारंवार दिसत असेल, रुग्ण लहान वयाचे असतील किंवा तो प्रकार कचऱ्यातील विशिष्ट रसायनाशी जुळत असेल, तर मात्र तातडीने चौकशी व्हायला हवी. बेंझिन व रक्ताचा कर्करोग, व्हिनाइल क्लोराइड व यकृताचा अँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांतून उद्भवणारा दुर्मीळ कर्करोग), आर्सेनिक व त्वचा, मूत्राशय, फुप्फुस यांचे कर्करोग, ट्रायक्लोरोएथिलीन व मूत्रपिंडाचा कर्करोग, या जोड्या पक्क्या पुराव्याने मान्य झालेल्या आहेत. काळही पाहावा लागतो. गाठीच्या स्वरूपातील बहुतेक कर्करोग रसायनाशी संबंध आल्यानंतर दहा, वीस किंवा त्याहूनही अधिक वर्षांनी दिसतात. तेव्हा दोन वर्षांपूर्वी राहायला आलेल्या माणसाच्या आजाराचे मूळ बहुधा अन्यत्र असते, आणि पंधरा वर्षांपूर्वी गल्ली सोडून गेलेल्यांची चौकशी करणे आवश्यक ठरते.

वोबर्न या अमेरिकेतील शहरात १९६९ ते १९८९ या काळात २१ मुलांना रक्ताचा कर्करोग झाला. तेथील दोन सार्वजनिक विहिरींत ट्रायक्लोरोएथिलीन सापडल्याने त्या १९७९ मध्ये बंद केल्या गेल्या होत्या. पुढे राज्याच्या आरोग्य विभागाने या विहिरींचे पाणी कोणत्या घरात किती पोहोचत होते याचे गणित जलवाहिन्यांच्या जाळ्यावरून मांडले, तेव्हा गरोदरपणी आईने ते पाणी पिणे आणि मुलाचा आजार यांचा संबंध दिसून आला. इथेही घराचे अंतर मोजून हे कळले नसते.

आपण एक साधी वही ठेवावी. प्रत्येक रुग्णाचे निदानाचे वर्ष, कर्करोगाचा नेमका प्रकार, निदानाच्या वेळचे वय, त्या घरात राहायला आल्याचे वर्ष, पाण्याचा स्रोत, व्यवसाय आणि तंबाखूचे व्यसन एवढे लिहावे, तेही घरच्यांच्या संमतीने. ज्या घरांत कुणीही आजारी नाही, त्यांचीही नोंद तितक्याच काळजीने करावी. ती नसेल तर तुलना कशाशी करणार? विहिरी बंद करण्यासाठी किंवा कचरा हलवण्यासाठी मात्र आजाराचा संबंध सिद्ध होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. पाण्यात विष आढळले, एवढे कारण त्याला पुरेसे आहे. वोबर्नच्या विहिरीही संबंध सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी बंद झाल्या होत्या.

प्रश्न: दुर्गंधी आली की माझे डोके दुखते व मळमळते. तपासण्या व्यवस्थित येतात आणि हे मनाचे खेळ आहेत असे सांगितले जाते.

उत्तर: ते मनाचे खेळ नाहीत. हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूचा सडक्या अंड्यासारखा वास अत्यल्प प्रमाणातही जाणवतो, आणि तीव्र दुर्गंधीने डोकेदुखी, मळमळ व झोपमोड होते, हे मान्य झालेले आहे. मात्र वासावरून धोक्याची पातळी ठरवू नये. हाच वायू घातक प्रमाणात असताना वास घेण्याची क्षमताच बधिर करतो, आणि बेंझिनचा वास येऊ लागतो तोवर त्याचे प्रमाण दीर्घकाळ सोसण्याच्या मर्यादेपलीकडे गेलेले असते. वासाची तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा व झालेला त्रास यांची रोजनिशी ठेवावी. शेजारच्या चार घरांनी स्वतंत्रपणे ठेवलेल्या नोंदी जुळल्या, तर त्या सहज नाकारता येत नाहीत.

प्रश्न: शरीरातील सर्व विषांची एकत्रित तपासणी आणि नंतर शरीरशुद्धीचे उपचार करून घ्यावेत का?

उत्तर: दोन्ही टाळावे. प्रत्येक द्रव्याची शरीरातली चाल वेगळी असते. द्रावणे काही तासांत किंवा दिवसांत निघून जातात, म्हणून आजच्या रक्तात न सापडल्याने मागच्या वर्षीचा संपर्क खोटा ठरत नाही. लघवीतील आर्सेनिक गेल्या काही दिवसांचीच हकीकत सांगते, आणि आधी समुद्री मासे खाल्ले असतील तर फसवा आकडा येतो. कचरा जाळताना तयार होणारे डायऑक्सिन हे विषारी द्रव्य मात्र चरबीत साठते व त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सात ते अकरा वर्षे लागतात. केसांच्या तपासणीवर विसंबून कोणताही उपचार सुरू करू नये. धातू बाहेर काढणारी औषधे रक्तातील प्रमाण खूप वाढलेले असतानाच, रुग्णालयाच्या देखरेखीखाली देतात. विनाकारण घेतल्यास शरीरातील कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. प्रथम कचऱ्यात काय आहे ते कळून घ्यावे, त्या द्रव्याची नेमकी चाचणी करावी, आणि डॉक्टरांकडे जाताना आपण त्या परिसरात कधीपासून राहता, कोणते पाणी पिता व कोणते काम करता हे एका कागदावर लिहून न्यावे.